बोल्दीकाकाचे सरळ बाण

"यंदा पेंटेकॉस्टचा राजा मीच!" ऐन जानेवारीत, गुडघाभर बर्फात उभं राहून बोल्दीकाकाने देझो लोहाराला सुनावलं. "हवं तर आत्ताच मुकुटाचं माप घेऊन ठेव!"

"डोकं मोठं आहे तुझं, पत्रा जास्त लागेल," देझो म्हणाला आणि पुन्हा ऐरणीकडे वळला. पण त्याला हसू मात्र आलं नाही. बोल्दीकाकाला राजा कशासाठी व्हायचंय, हे देझोलाच काय, आमच्या किशहारश गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं.

आमच्या गावात ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेंटेकॉस्टच्या रविवारी खांबाला वेलीचं कडं टांगतात. ज्याचे सर्वांत जास्त बाण त्या कड्यातून जातील, तो वर्षभराचा राजा. राजाला गुत्त्यात फुकट पेला. राजाची गाय गावचा गुराखी फुकट चारणार. आता गुत्तेवाला राजा दिसला की मागच्या दाराने निसटतो आणि गावात गुराखीही उरला नाही, गायही नाही. पण एक हक्क अजून जिवंत आहे. त्या वर्षी गावात जेवढी लग्नं होतील, त्या प्रत्येक लग्नाला राजाला बोलवावंच लागतं. आवडो वा न आवडो!

जूनमध्ये बोल्दीकाकाच्या मुलीचं, इबोयाचं लग्न होतं आणि त्या लग्नाला बोल्दीकाकाला आमंत्रण नव्हतं.

त्याचं असं झालं. बोल्दीकाका जन्मभर गाडी शिकवायचा. म्हणजे दुसऱ्याच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाखाली वेगळा ब्रेक ठेवायचा आणि समोरच्याने काहीही केलं तरी तो दाबायचा! नोकरी संपली, पण पाय काही थांबला नाही. बायकोने पाव कसा कापावा, मुलीने कसं बसावं, फादरने प्रवचन कुठे थांबवावं, सगळीकडे याचा ब्रेक. बायको मार्गित एक दिवस पाव अर्धाच कापून निघून गेली आणि तिने ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या वेंडेलशी लग्न केलं. वेंडेल दाराएवढा रुंद आणि लोण्यासारखा मऊ. गाडी चालवायला तोही बोल्दीकाकाकडेच शिकलेला. अजूनही समोर आला की टोपी काढून "सर" म्हणतो. बोल्दीकाकाला त्या "सर"चा जेवढा राग येतो तेवढा मार्गितचाही येत नाही.

राहता राहिली इबोया. तिच्या साखरपुड्याच्या जेवणाला बोल्दीकाकाने आधी जावई लेवेन्ते सुरी कशी धरतो ते दुरुस्त केलं. मग विहीणबाईंच्या भरल्या कोबीत आंबट साय किती जास्त झालीय ते सांगितलं. मग पेला घेऊन उभा राहिला आणि इबोयाच्या लहानपणापासूनच्या चुका एकेक करून मांडल्या. "पण मंडळी, काळजी करू नका! सगळ्या सुधारण्यासारख्या आहेत!"

इबोयाने चमचा खाली ठेवला. "बाबा, लग्नाला येऊ नका तुम्ही. एक दिवस तरी मला माझ्या चुका करू द्या."

बोल्दीकाका उठला, कोट घातला आणि जाता जाता लेवेन्तेची गाडी किती वाकडी उभी केलीय तेही सांगून गेला. घरी पोचल्यावर मात्र त्याने चूलही पेटवली नाही. तसाच कोट घालून खुर्चीत बसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने माळ्यावरचं धनुष्य खाली काढलं.

आता बाण जुळवणं म्हणजे काय, हे बोल्दीकाकाने गावात प्रत्येकाला तो पळून जाईपर्यंत समजावलेलं आहे. थोडक्यात सांगायचं तर, आमच्या जुन्या वळणाच्या धनुष्याला बाण टेकवायला जागाच नसते. बाण मुठीवर टेकतो आणि सुटताना धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून जातो. त्यासाठी काठीला थोडं वाकावं लागतं. काठी फार ताठ असेल तर ती वाकतच नाही, डावीकडे जाते. फार लवचीक असेल तर नको तेवढी वाकते, उजवीकडे जाते. म्हणून आधी बिनपिसांची काठी मारून बघायची, कुठे जाते ते पाहायचं, काचेच्या तुकड्याने जरा तासायची, पुन्हा मारायची. काठी सरळ जायला लागली की मगच पिसं लावायची.

सगळा हिवाळा बोल्दीकाका परसात हेच करत होता. त्याच्या काठ्या डावीकडे जायच्या आणि डावीकडे बोरीकाकूचं कुंपण होतं.

"बोल्दी!" कुंपणापलीकडून आरोळी आली. "रजई वाळत घातलीय ती! तुर्कांची फौज नाही!"

"तुझी रजईच चुकीच्या जागी आहे!"

"आईच्या वेळेपासून तिथेच वाळतेय मेल्या!"

बोरीकाकूने रजईतून काठी उपटली आणि तिच्यामागून अर्ध्या हंसाची पिसं परसभर उडाली. पण काठी तिने परत दिली, वर एका ताटलीत खसखस भरलेली गोड पावाची गुंडाळीही दिली. कारण आदल्या दिवशीच इबोया तिच्याकडे आली होती आणि सहज बोलता बोलता म्हणाली होती, "मी काही त्यांना बोलवणार नाही. पण राजा झालेच तर काय करणार, काकू? नियमच आहे." एवढं बोलून ती खिडकीतून बापाच्या परसाकडे बघत बसली होती.

बोरीकाकूला एखादी गोष्ट सांगितली की चर्चच्या घंटेची गरज उरत नाही. दुसऱ्या रविवारपर्यंत सगळ्या गावाचं ठरलं. यंदा कोणीही जिंकायचं नाही! बोल्दीला जिंकू द्यायचं, तेही त्याला कळू न देता, नाहीतर तो हरायची पद्धतही दुरुस्त करत बसेल.

एप्रिल संपता संपता बोल्दीकाकाचे बाण जुळले. खरंच जुळले. बिनपिसांचे मारले तरी पेंढ्यात सरळ रुतत. हंसाच्या डाव्या पंखाची तेवढी पिसं निवडून त्याने ती चिकटवली आणि वर दव लागू नये म्हणून कापडाच्या टोप्या चढवल्या. डाव्या पंखाचं पीस एकीकडे वळतं, उजव्याचं दुसरीकडे. एका बाणाला दोन्ही लावली तर बाण म्हणजे दारुडा! सुरुवातीला अंदाज चुकून जास्त तासल्या गेलेल्या काही काठ्या होत्या, त्या थेट उजवीकडे जायच्या. त्यांनाही सवयीने पिसं लावून त्याने कोपऱ्यात फेकल्या. चांगले बाण ओसरीत खुंटीला टांगले आणि गावभर सांगत सुटला, "झोपेत मारले तरी लागतील!"

सगळं इथे थांबलं असतं तर आज गोष्ट वेगळी असती. पण गाव थांबलं नाही.

पहिला धावून आला देझो. त्याला वाटलं, एवढ्या मेहनतीच्या बाणांना ही चिमणीच्या चोचीएवढी टोकं? बोल्दीकाका दुपारी डुलकी काढत असताना त्याने ओसरीतल्या बाणांची टोकं बदलून चांगली भरभक्कम बसवली. रंगही तोच दिला, कळायला नको म्हणून!

संध्याकाळी बोल्दीकाकाने बाण मारला. तो उजवीकडे गेला. दुसरा मारला, तोही उजवीकडे. टोक जड झालं की काठी जास्त वाकते, पण ते जड झालंय हे याला कुठे माहीत? त्याने धनुष्य तपासलं, दोरी तपासली, वारा तपासला, शेवटी स्वतःचे डोळे तपासायला तालुक्याला जाऊन आला. मग दात-ओठ खात सगळ्या काठ्या बोटभर कापून आखूड केल्या. आखूड काठी ताठ होते. पुन्हा बाण सरळ!

"शिकलो की नाही?" तो देझोला म्हणाला. "माझंच तासणं जरा चुकलं होतं. पण चूक सापडली की मी सोडत नाही!"

देझोने मान डोलावली. आपल्या टोकांमुळेच बाण सरळ जायला लागले, असा त्याचा समज झाला होता.

मग आले फादर आम्ब्रुश. पेंटेकॉस्टच्या आधीच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर त्यांनी हाक मारली, "बोल्दिझार, ते बाण आण इकडे. आशीर्वाद देतो." नाही कसं म्हणणार? फादरचा हात सढळ. ईस्टरच्या सोमवारी मुलींवर पाणी टाकायला पोरं अत्तराची कुपी घेऊन जातात, तेव्हा फादर आठवणीने सांगतात की आमच्या वेळी बादली असायची. तोच जुना उत्साह त्या दिवशी हातात आला! पवित्र पाण्याची झारी तीनदा रिकामी झाली. बाण न्हाले, कोट न्हाला, बोल्दीकाकाच्या बुटांत पाणी साठलं.

"फादर! पवित्र आत्मा कबुतराच्या रूपात येतो! पुराच्या नाही!"

"श्रद्धा ठेव," फादर म्हणाले.

श्रद्धा ठेवून काठ्या सरळ राहत नाहीत. भिजलेल्या काठ्या चुलीजवळ वाळवल्या तर त्या केळ्यासारख्या वाकल्या. मग किटलीच्या वाफेवर धरून, गुडघ्यावर दाबून, एका डोळ्याने बघत बोल्दीकाकाने त्या एकेक करून सरळ केल्या. बोटं भाजली. नवीन शर्ट जळला. पण शनिवारी दुपारी त्याने परसात शेवटचे बाण मारले आणि ते सगळे सरळ गेले. तो पेंढ्यासमोर उभा राहून बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होता. मग बाण ओसरीत खुंटीला टांगले आणि घरात जाऊन त्याने लग्नाला घालायचा काळा कोट काढला, झटकला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला.

संध्याकाळी तो दमून झोपी गेला आणि बोरीकाकू कुंपणाजवळ आली. तिला दिसलं, बाणांची पिसं पाण्याने चिकटून पार मळकट झालीयत. लग्नाचं घर म्हणायचं आणि ही अशी पिसं? आमच्या बायका हिवाळाभर हंसाची पिसं सोलतात, उशा भरतात, पिसांतलं आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची खात्रीच असते. तिने बाण उचलून घरी नेले, जुनी पिसं खरवडली आणि आपल्या हंसाची नवीकोरी, पांढरीशुभ्र पिसं लावून दिली. हाताला आली तशी. वर त्याच टोप्या चढवल्या आणि बाण होते तिथे टांगून, समाधानाने डोळे पुसत झोपायला गेली.

रविवारी सकाळी वेंडेल दारात आला. टोपी हातात.

"सर, मलाही उभं राहायला सांगितलंय. माणसं कमी पडतायत म्हणे. पण माझ्याकडे बाण नाहीत. तुमच्याकडचे एखाददुसरे जुने..."

खरं तर वेंडेलला बाण नसल्याचं निमित्तच हवं होतं, म्हणजे उभं राहायची वेळ टळली असती. पण बोल्दीकाकाच्या मनात वेगळंच आलं. कोपऱ्यातल्या त्या उजवीकडे जाणाऱ्या काठ्या त्याला दिसल्या आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याला मनापासून आनंद झाला.

"घेऊन जा की! माझे खास बाण आहेत हे. नीट नेम धरून मार हं!"

"आभारी आहे, सर," वेंडेल म्हणाला. त्याला खरंच भरून आलं होतं.

मैदानात सगळं गाव जमलं होतं. लिंडेनच्या झाडाखाली मार्गित बसली होती, शेजारी इबोया. बोल्दीकाकाने तिच्याकडे पाहिलं नाही, पण ती निळ्या झग्यात आलीय आणि नीट ताठ बसलीय एवढं त्याने पाहून घेतलं. तो रेषेवर गेला, पहिला बाण काढला आणि पिसांवरची टोपी ओढली.

एक पीस डाव्या पंखाचं. एक उजव्या पंखाचं. तिसरं तर शेपटीचं!

दुसऱ्या बाणाची टोपी काढली. तेच. तिसरा, तेच. गर्दीतून बोरीकाकू रुमाल हलवत होती.

"कशी दिसतायत?" ती ओरडली. "नवरीच्या पांढऱ्या ओढणीसारखी की नाही?"

त्याने स्वतः चांगली पिसं लावलेले बाण आता मैदानात फक्त एकाकडे होते, वेंडेलकडे. उजवीकडे का जाईनात, पण निदान ते एका बाजूला तरी जात होते. मागून घ्यावेत? वेंडेलकडून? सगळ्यांदेखत? बोल्दीकाकाने दात आवळले आणि दोरी ओढली.

पहिला बाण सुटल्या सुटल्या मान हलवू लागला. जणू त्याला जायचंच नव्हतं. खांबाच्या बराच अलीकडे गवतात आडवा झाला. दुसरा वर गेला, हवेत विचार केला आणि बँडवाल्यांच्या ढोलावर उतरला. तिसऱ्याला बोल्दीकाकाने श्वास रोखला. बाण सुटला, भेलकांडत गेला, वेलीच्या कड्याला टेकला, आणि कड्याने हळूच एक गिरकी घेऊन त्याला बाहेर ढकललं.

झाडाखाली इबोया अर्धवट उठली होती. ती पुन्हा बसली.

पण गावाने धीर सोडला नव्हता! कोणाचाच बाण गेला नाही तर सगळे बरोबरीत, आणि बरोबरी झाली तर पुन्हा पहिल्यापासून. मग काय, किशहारशमध्ये जे कधी घडलं नव्हतं ते घडलं. गुत्तेवाल्याने तळ्याच्या दिशेने बाण मारले. देझोच्या हातून दोरीच सुटत नव्हती, सुटली तेव्हा बाण त्याच्याच बुटाजवळ पडला. गेल्या वर्षीच्या राजाने तर डोळे मिटले, तरी एक बाण कड्याजवळून गेला तेव्हा लोकांनी त्याला शिव्या घातल्या. बिचारा कळवळून माफी मागत होता!

शेवटी वेंडेल उरला.

"चुकव रे बाबा," देझो त्याच्या कानात कुजबुजला.

"तेच करायला आलोय," वेंडेल म्हणाला. त्याने कड्याकडे पाहिलंच नाही. कड्यापासून चांगलं लांब, डावीकडच्या पॉप्लरच्या बुंध्यावर नीट नेम धरला. इतका मन लावून त्याने जन्मात कशावर नेम धरला नसेल. मग ट्रॅक्टरचं चाक उचलणाऱ्या त्या हाताने दोरी कानापर्यंत ओढली आणि सोडली.

बाण पॉप्लरकडे निघाला. मग, बोल्दीकाकाने तासून ठेवला होता अगदी तसा, छान ऐटीत उजवीकडे वळला आणि कड्याच्या बरोबर मधून पार गेला.

टाळी कोणी वाजवली नाही. बँडवाल्यांनी सवयीने एक सूर धरला आणि सोडून दिला. वेंडेल धनुष्याकडे असा बघत होता जणू ते चावलंय.

"सर..." तो म्हणाला. "मी त्या झाडावर मारला होता. देवाशपथ!"

उरलेले बाण त्याने मारलेच नाहीत. डोळ्यांत पाणी येईपर्यंत नाही-नाही म्हणणाऱ्या त्या माणसाच्या डोक्यावर देझोने मुकुट बसवला. लग्नाचं हक्काचं आमंत्रण मिळालं कोणाला, तर नवरीचा हात धरून तिला चर्चमध्ये नेणार हे आधीच ठरलेल्या माणसाला! बोल्दीकाका मैदानातून निघाला तेव्हा लोकांनी वाट करून दिली.

दोन दिवसांनी वेंडेल पुन्हा दारात. टोपी हातात.

"सर, जुन्या माणसांना विचारलं मी. राजाला आपल्यासोबत एक पेलेवाला नेता येतो म्हणे. राजाचा पेला धरायला. त्याला कोणी अडवू शकत नाही." तो जमिनीकडे बघत होता. "पेला हलकाच आहे."

"तू जा इथून," बोल्दीकाका म्हणाला.

वेंडेल गेला. बोल्दीकाकाने दार लावलं, पुन्हा उघडलं आणि रस्त्यावर ओरडला, "कोट कोणता घालायचा असतो पेलेवाल्याने?"

लग्न झालं. बोल्दीकाका खांद्यावर लाल फीत बांधून, हातात राजाचा पेला धरून वेंडेलच्या खुर्चीमागे उभा राहिला. कोंबडीचं सूप आलं, गेलं. भरली कोबी आली, साय जास्त होती, तो काही बोलला नाही. लोक म्हणतात, बोल्दीकाका एवढा वेळ गप्प राहिलेला तेव्हाच पाहिला. बँडवाल्यांना दुसऱ्या गावी जायचं होतं म्हणून नवरीचा नाच ऊन असतानाच सुरू झाला. फिती लावलेली काठी हातात घेऊन देझो मधोमध उभा राहिला आणि ओरडला, "नवरी नाचायला उभी आहे!" ज्याला नाचायचं त्याने चाळणीत नवरीसाठी पैसे टाकायचे, नवरीबरोबर दोन-चार गिरक्या घ्यायच्या, आणि देझोने काठी आपटली की पुढच्याला जागा द्यायची.

रांग सरकत होती. वेंडेलने मागे वळून बोल्दीकाकाच्या हातातून पेला काढून घेतला.

"मी धरतो, सर. तुम्ही जा."

बोल्दीकाका गेला. इबोयाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात गार होता. बँड वाजत होता. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवसापासून बोल्दीकाका एक वाक्य जुळवत होता. वाफेवर धरून, तासून, सरळ करून ठेवलेलं. दोनच शब्दांचं होतं: माझं चुकलं.

"बोला ना, बाबा," इबोया म्हणाली.

बोल्दीकाकाने तोंड उघडलं.

"शेपटीचं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"तिसरं पीस. शेपटीचं. शेपटीचं पीस कोणी लावतं का बाणाला? माझी काठी बरोबर होती गं. शनिवारी सगळे सरळ गेले होते. बोरीने लावली पिसं, आणि त्याआधी फादरने भिजवले होते, आणि त्याच्याआधी काय झालं ते मला अजून कळलेलं नाही, पण टोकाचं वजन..."

देझोला टोकाचं वजन चांगलंच ठाऊक होतं. त्याने काठी आपटली नाही. रांगेतले लोक कुरकुरू लागले, लेवेन्तेचे मामा चाळणी वाजवू लागले, तरी त्याने आपटली नाही. त्या दिवशी इबोयाबरोबर एवढा वेळ कोणालाच मिळाला नव्हता. आणि बोल्दीकाका पंखांपर्यंत आला होता, डाव्या पंखाचं पीस कसं वळतं आणि उजव्याचं कसं, हात फिरवून दाखवत होता. इबोया ऐकत होती. तिचे डोळे भरले होते. आधी ते आशेने भरले होते, आता नाही.

शेवटी देझोला काठी आपटावीच लागली.

"मला माहीत होतं, बाबा," इबोयाने खांद्यावरचा हात काढून घेतला. "तुमची काहीच चूक नसणार."

आणि ती लेवेन्तेच्या मामांकडे वळली.

बोल्दीकाका नाचणाऱ्यांच्या मधोमध जरा वेळ तसाच उभा राहिला. दोघातिघांचे धक्के लागले. मग तो परत खुर्चीमागे आला, फीत सरळ केली आणि वेंडेलच्या कानाशी वाकला.

"ऐकलंस ना? तिच्या तोंडून ऐकलंस ना? माझी काहीच चूक नव्हती!"

"हो, सर," वेंडेल म्हणाला आणि त्याने पेला परत त्याच्या हातात दिला.